जाळण्यासाठी बांधलेली नाव

तैवानच्या दक्षिणेला, पिंगतुंग जिल्ह्यात, दोंगगांग हे मासेमारीचं बंदर आहे. तिथल्या दोंगलोंग मंदिरात दर तीन वर्षांनी ‘वांग-ये’ देवांची यात्रा भरते. २०१८ साली मीही त्या यात्रेबरोबर चाललो. तैवानमधल्याच शिन्चू शहरातल्या माझ्या ऑफिसातल्या मित्राचं ते गाव.

पाहुणे देव समुद्रातून येतात. पहिल्या दिवशी सगळ्या पालख्या किनाऱ्यावर उतरतात, खांदेकरी लाटांत शिरतात, आणि यंदाच्या मुख्य देवाचं आडनाव काय, ते तिथे वाळूवर ठरतं. मग गावभर मिरवणूक. सात पेठांच्या सात पालख्या, प्रत्येकीच्या लोकांचा रंग वेगळा. फटाक्यांच्या धुरात पुढचा माणूस दिसत नव्हता. दारोदारी मांडलेल्या टेबलांवर पाणी, फळं, भात. कुणी पैसे घेईना. नवस फेडणारे गळ्यात कागदी खोडा अडकवून, हातात झाडू घेऊन पालखीपुढचा रस्ता झाडत होते.

पण माझं लक्ष देवांना परत पाठवायच्या नावेवर होतं. चौदा-एक मीटर लांब, खरीखुरी लाकडी, अंगभर ड्रॅगन रंगवलेली. १९७३ पर्यंत ती कागदाची असे. गावातले जुने सुतार पदरचा वेळ घालून ती बांधतात. मित्राचे वडील मच्छीमार. त्यांची स्वतःची होडी फायबरची. लाकडी आता देवालाच परवडते, म्हणाले.

शेवटच्या आदल्या दिवशी ही नाव चाकांवरून गल्लीगल्लीतून ओढतात. गावातली रोगराई, पीडा तिने गोळा करावी म्हणून. हे देव मुळात साथीच्या रोगांशी जोडलेले. मला आपला मरीआईचा गाडा आठवला. तोही साथ शिवेबाहेर नेऊन सोडण्यासाठीच. फरक एवढाच, की इथे पीडा नेणाऱ्याची बडदास्त राजासारखी ठेवतात. आधी मेजवानी, मग नावेत तांदूळ, सरपण, भांडीकुंडी, कागदी खलाशी. पत्त्यांचे डावसुद्धा! इतका पाहुणचार पाहून वाटलं, यात प्रेम किती आणि ‘बाबा, एकदाचा जा’ किती?

मध्यरात्रीनंतर नाव किनाऱ्यावर नेली. भोवती सोनेरी कागदाच्या गठ्ठ्यांचा ढीग, वर डोलकाठ्या आणि शिडं. नावेपुढे वाळूत पाणी ओतून तिला वाट करून दिली, नांगर उचलला आणि फटाक्यांच्या माळांनी पहाटे आग लावली.

जुनी रीत अशी, की पेट घेतला की ढोल बंद, झेंडे खाली आणि मुकाट्याने घरी. नाहीतर देव आपल्यालाही बरोबर नेतो. हल्ली बाहेरून आलेली गर्दी मोबाईल उंचावून शेवटपर्यंत थांबते. मीही खिशात हात घातला, तोच मित्राच्या वडिलांनी दंडाला धरून वळवलं. गावाकडे जाताना ते एकदाही मागे वळले नाहीत. त्यांचा मुलगा मात्र दोनदा वळला.