आईच्या चातुर्मासासह तैवान : निघण्याआधीची तयारी

दिवाळी झाली की तैवानला जायचं ठरलं आणि मला सगळ्यात आधी आठवला तो आईचा चातुर्मास. आषाढी ते कार्तिकी ती कांदा-लसूण खात नाही, अंडं तर एरवीही नाही. नातेवाइकांचा सल्ला ठरलेला होता : बॅग भरून ठेपले-खाकरे न्या, खोलीवर मेतकूट-भात करा. मला ते पटेना. एवढ्या लांब जायचं आणि तिथल्या माणसांच्या हातचं काहीच खायचं नाही, मग त्या देशाची ओळख होणार कशी?

म्हणून विमानाच्या तिकिटांइतकाच वेळ मी तिथल्या शाकाहाराचा अभ्यास करण्यात घालवला, आणि जे कळलं त्यानं आईचीही कळी खुलली. तैवानमध्ये बौद्ध आणि इ-क्वान-ताओ पंथाची मंडळी मोठ्या संख्येनं शाकाहारी आहेत. कित्येक जण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेवढं मांस वर्ज्य करतात, आपल्याकडे एकादशी-संकष्टी पाळतात तसं. या शाकाहाराला तिथं 'सू' म्हणतात, आणि कडक बौद्ध सू-मध्ये कांदा, लसूण, पातीचा कांदा हे उग्र वासाचे पदार्थ चालतच नाहीत. बौद्धांच्या जुन्या यादीत तर हिंगही आहे! हे ऐकून आई जरा गप्प झाली. हिंगाशिवाय फोडणी तिच्या कल्पनेत बसत नाही. पण कांदा-लसणाबाबत आपल्याहून कडक माणसं तिकडे आहेत, याचं तिला फार समाधान वाटलं.

पाकीटबंद पदार्थांवर शाकाहाराचा प्रकार छापण्याचा नियम आहे आणि असे पाच प्रकार आहेत : पूर्ण शुद्ध, अंड्याचा, दुधाचा, दूध-अंड्याचा आणि कांदा-लसूणवाला. आमच्यासाठी पहिला आणि तिसरा. सगळं चिनीत छापलेलं असतं, त्यामुळे अक्षर ओळखणं भाग होतं. तैवानमध्ये जुनी, भरगच्च वळणाची पारंपरिक लिपी वापरतात, चीनमधली सोपी केलेली नाही. मोबाइलच्या भाषांतर ॲपमध्येही 'पारंपरिक चिनी' हीच भाषा निवडून ती ऑफलाइन उतरवून घ्या.

कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर आईनं 'सू' गिरवायला सुरुवात केली. वर तीन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी एक उभी, खाली पिळलेल्या धाग्यासारखं वळण आणि तळाशी तीन फटकारे. मग मांसाचं अक्षर : खालून उघडी चौकट आणि आत एकाखाली एक दोन टोकदार छपरं. ही दोन अक्षरं पक्की झाली की अर्धी लढाई जिंकली. बोलायला 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी खाते. यातला 'सू' वरून खाली ठसक्यात आपटायचा. आईला तो पहिल्याच दमात जमला, कारण तिचा आवाज मुळातच ठसक्याचा आहे.

साध्या नूडलवाल्याकडे 'मांस घालू नका' एवढं सांगून भागत नाही. रस्सा हाडांचा असतो, परतलेल्या पालेभाजीत डुकराची चरबी असू शकते. त्यामुळे सू-ची पाटी असलेलंच दुकान शोधायचं. अशा बऱ्याच दुकानांच्या पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेनं वळलेलं. आणखी एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा : या दुकानांत सोयाबीन, गहू आणि कोंजॅक कंदापासून केलेले हुबेहूब मासे, कोळंबी, हॅम मांडलेले असतात. ते पाहून एखादी मावशी दारातूनच परत फिरेल. मी आईला घरीच फोटो दाखवून ठेवले होते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे तैवानचं प्रवास-परवानापत्र ऑनलाइन आणि फुकट मिळालं. असा व्हिसा नसेल तर तैवानच्या दूतावासाचं काम पाहणाऱ्या तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरकडे अर्ज करावा लागतो. त्यांचं मुंबईतलं कार्यालय 2024 मध्ये सुरू झालं. पोचण्याआधी अरायव्हल कार्डही ऑनलाइनच भरायचं. अमेरिकी डॉलर नेले आणि विमानतळावरच्या बँकेत तैवानी डॉलरमध्ये बदलले. तिथला एक डॉलर आपल्या साधारण तीन रुपयांना पडतो. लहान खानावळींत रोख लागते. मेट्रो-बससाठी ईझीकार्ड घ्या, आणि मेट्रोत पाण्याचा घोटसुद्धा घेऊ नका. दंड 1,500 तैवानी डॉलरपासून सुरू होतो.

सामानात मेतकूट आणि दाण्याची चटणी होती, पण लिंबं, कढीपत्ता, ताजी फळं काहीच घेतलं नाही. ताज्या फळभाज्या नेता येत नाहीत, आणि मांसाच्या पदार्थांवर तर फार मोठा दंड आहे. विजेची केटलीही घरीच ठेवली. तिथं वीज 110 व्होल्टची, त्यामुळे आपली केटली पाव ताकदीनं चालते. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पट्ट्यांची पिन लागते. केटलीची गरजही पडली नाही, कारण स्टेशनांवर गरम पाण्याचे नळ आहेत.

तैपेईतल्या पहिल्याच दुपारी तयारीची परीक्षा झाली. स्वस्तिकाच्या पाटीखाली एक बुफे दिसला. कागदी डबा घ्यायचा, चिमट्यानं हवं ते वाढून घ्यायचं आणि काउंटरवर वजन करून पैसे द्यायचे. आईनं बांबूचे कोंब, भोपळा, आल्याच्या चकत्यांत परतलेला पालक, टोफू आणि काळ्या अळंबीची कोशिंबीर घेतली. अंड्यासारख्या पिवळ्या तुकड्यांपाशी ती थबकली आणि काउंटरवरच्या आजींकडे पाहून म्हणाली, "छ्वान सू?" म्हणजे पूर्ण शाकाहारी का? आजींनी जोरात मान हलवली, बाहेर आल्या, आईचा हात धरून एकेका ट्रेपाशी नेलं आणि दोन ट्रेवर बोटानं फुली मारून दाखवली. त्यांत दूध-अंडं होतं. निघताना त्यांनी डब्यात आणखी एक मक्याचं कणीस ठेवलं, वजन न करता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या चांगली पाच मिनिटं बोलत होत्या.

पुढे हायस्पीड रेल्वेनं तासाभरात ताइचुंग आणि तिथून बसनं सन मून लेक. तळ्याकाठच्या डोंगरावर ह्युएन-त्संगचं मंदिर आहे. 1965 मध्ये बांधलेलं, त्याच्या अस्थींचा अंश तिथं जपलाय. शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी वाचलेला हा प्रवासी, सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला. उपकार करणाऱ्याला न विसरणारे आणि अपमान करणाऱ्याला न सोडणारे, असं त्यानं महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय. आईला हे मी गाडीत वाचून दाखवलं. ती देवळात बराच वेळ हात जोडून उभी राहिली. तैवानला जाणाऱ्या मराठी माणसानं हे देऊळ चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. बोटीचं तिकीट काढाल तेव्हाच त्याची वेळ राखून ठेवा.

कार्तिकी एकादशी तिथंच आली. तिची सोय मात्र आयती झाली. सेव्हन-इलेव्हन आणि फॅमिलीमार्टच्या कितीतरी दुकानांत भाजलेली रताळी मिळतात, गरमागरम, सालासकट, आतून मधासारखी पिवळी. सोबत केळी, पेरू आणि तिकडचं मोठालं सीताफळ. उपवासाच्या दिवशी तिथं असाल तर सकाळीच दोन-तीन रताळी बांधून घ्या, दिवसभराच्या फिरण्याला पुरतात.