ईएसआय म्हणजे नुसता दवाखाना नव्हे

मावसभावाला कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीनं घरी बसवलंय. ऑर्डरीच नाहीत म्हणे. आज दुपारी नेट कॅफेत बसून त्याचा अर्ज भरला, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा. कॅफेवाला पोरगा म्हणाला, "असलं पण काय असतंय व्हय?"

असतंय की, 2018 पासून! पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जाणाऱ्या कामगाराची नोकरी गेली, तर सरासरी रोजाच्या 50 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवसांची, थेट खात्यात. किमान दोन वर्षं विमा पाहिजे, वर्गणीच्या दिवसांचीही अट आहे. गैरवर्तनासाठी काढलं असेल तर मिळत नाही.

भावाची पगाराची स्लिप बघितली. 15,000 वर 113 रुपये कापलेले. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. इतकी वर्षं हे पैसे फक्त मिरजेच्या डॉक्टरसाठीच जातात असं त्याला वाटायचं. एचआरनं जाताना हिशेबाच्या कागदावर सही तेवढी घेतली, या योजनेबद्दल चकार शब्द नाही.

घोडं अडलं ते नावावर. आधारवर 'बाळासो', ईएसआयच्या नोंदीत 'बाळासाहेब'. आता आधी ते दुरुस्त करायचं.

अर्धा पगार, तोही तीन महिने आणि जन्मात एकदाच. यात घराचा हप्ता आणि पोरीची फी दोन्ही बसत नाही, हे उघड आहे. तरी हक्काचं सोडायचं कशाला? खरी गोची ठेकेदाराकडच्या पोरांची. त्यातल्या कित्येकांना स्लिपच मिळत नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आधी त्याचा ईएसआय नंबर आहे का ते विचारा.