पुडीतले पराग

मंगळवार, रात्री उशिरा

आमच्या निवडुंग क्लबमधल्या काकांनी डबी हातात ठेवली. म्हणाले, "ताईंनी दिलीय." ताई म्हणजे क्लबमधल्याच, आम्हाला शिकवणाऱ्या. मी विचारलं, "काही म्हणाल्या?" काका म्हणाले, "नाही गं, काही नाही. नुसती डबी दिली."

हे "काही नाही" संध्याकाळपासून मनातून हलत नाहीये. म्हणून लिहायला बसले.

डबी अंगठ्याएवढी. तळाला सिलिका जेलचे दाणे, त्यावर कापूस, कापसावर बटरपेपरची घट्ट घडी घातलेली पुडी. पुडीत परागांची पिवळी पूड, बोटाच्या टोकालाही जेमतेम लागेल इतकी. वर पेन्सिलीने झाडाचा नंबर, आजची तारीख आणि "दु. १२.३०". अक्षर ताईंचंच. सातला मधोमध आडवी रेघ मारायची त्यांची सवय आहे, ती इथेही आहे. पुडी उलटसुलट करून पाहिली, झाकण आतून पाहिलं, कापूस उचलून पाहिला. चिठ्ठी नाही. "जमलं तर कळव" नाही. साधं नावही नाही, ना माझं, ना त्यांचं.

परवा मी क्लबच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. माझ्या ॲस्टेरियासची, त्या बिनकाट्याच्या गोल निवडुंगाची, कळी. बी पेरल्यापासून इतक्या वर्षांत पहिली. खाली लिहिलं होतं की आत्ता कुणाकडे दुसरं ॲस्टेरियास फुलात असेल तर सांगा. सगळ्यांनी कौतुक केलं, ताईंनी नाही. त्यांनी फोटो पाहिल्याचं दिसत होतं. त्या ओळीचा रोख कुणाकडे होता हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला कळलं असणार, कारण फुलायच्या वयाची ॲस्टेरियास क्लबमध्ये आहेत कुणाकडे? त्यांच्याचकडे.

हे झाड एकट्याने बी धरत नाही. फुलात पुंकेसर आहेत, कुक्षी आहे, पराग भरपूर आहेत. पण स्वतःचा पराग कुक्षीवर पडला तर झाड तो ओळखतं आणि फळ धरू देत नाही. त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा चालत नाही, त्याच्या कलमावरच्या फुलाचाही नाही, कारण ते झाड तेच. वेगळ्या बियेतून आलेलं झाड हवं आणि तेही याच दिवसांत फुललेलं. टेक्सासची स्टार काउंटी आणि मेक्सिकोतलं तामाउलिपास हा याचा मूळ मुलूख. तिथे हे काम मधमाश्या करतात. त्यांतली डायाडेसिया रिंकोनिस नावाची एकलकोंडी माशी तर पराग गोळा करते तो निवडुंगाच्या फुलांतूनच. माझ्या गच्चीवर ती माशी नाही. इथे एक ब्रश आणि ताई, एवढंच.

आणि ताई काही म्हणाल्या नाहीत.

प्रदर्शनाच्या वेळचं सगळं परत लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मला त्यातलं एकच वाक्य लागलं होतं, अजूनही लागतं. टेबलावर मांडलेल्या माझ्या कुंड्यांकडे बघत, चारचौघांत, ताई म्हणाल्या होत्या, "तुझी झाडं छान आहेत, पण त्यांना गाव नाही."

त्यांचं म्हणणं काय ते मला कळतं. त्यांच्याकडच्या बहुतेक कुंड्यांत लेबलावर नावाच्या खाली फील्ड नंबर असतो. या झाडाचे पूर्वज कुठल्या टेकडीवर, कुठल्या उतारावर होते, ते बी कुणी नोंदवलं, हे त्या नंबरावरून सांगता येतं. लिथॉप्स, म्हणजे ती दगडासारखी दिसणारी जाड पानांची झाडं, ती जमवणाऱ्यांचं तर सगळं बोलणंच कोल नंबरात चालतं. डेसमंड आणि नॉरीन कोल या नवरा-बायकोने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचे माळ पालथे घालून लिथॉप्सच्या एकेका वस्तीला क्रमांक दिले, आणि आज जगात कुठेही त्या वस्तीच्या बियांचं रोप असलं तरी त्याच्या लेबलावर तो क्रमांक असतो. नंबर हरवला की झाड तसंच देखणं राहतं, पण ते कुठलं हे पुन्हा कधीच शोधता येत नाही. पाण्याने पुसलेली लेबलं पाहून ताईंना खरोखर दुःख होतं, हे मी पाहिलं आहे. पेन्सिलीने लिहायचं हे त्यांनीच आम्हाला शिकवलं, कारण शाई उन्हात उडते आणि पेन्सिल टिकते.

आणि हे नुसतं हौशी लोकांचं खूळ नाही. २०१५ मध्ये जगातल्या निवडुंगांच्या जातींचा पहिला मोठा आढावा झाला, त्यात ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. ॲस्टेरियास तर साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे रानातून उपटलेल्या झाडाचा व्यापार बंद. तरी ते उपटलं जातं. जमिनीला चिकटून वाढणारं, बिनकाट्याचं, गोल झाड. दुष्काळात आक्रसून मातीत इतकं खाली जातं की शेजारी उभं राहूनही दिसत नाही. पेयोटी या नशा आणणाऱ्या निवडुंगाची झाडं गोळा करणारे लोक पेयोटी समजून हेच कापून नेतात. मागच्या वर्षी ताईंनी कोपियापोआ या चिलीतल्या निवडुंगांवर भाषण दिलं तेव्हा इटलीतल्या धाडीचे फोटो दाखवले होते. २०२० मध्ये एकाच माणसाकडे हजारभर झाडं सापडली, चिलीच्या किनाऱ्यावरून उपटलेली, काही शंभर वर्षं वयाची असतील. धुक्यावर जगणारी झाडं, खोक्यांत भरून आणलेली. पुढच्या वर्षी त्यातली शेकडो चिलीला परत पाठवली. ते सांगताना ताईंचा आवाज बदलला होता. नंतर चहाच्या वेळी कुणी फारसं बोललं नाही.

तेव्हा त्यांचं म्हणणं मला मान्यच आहे. पण माझं झाड रानातून कुणी उपटलेलं नाही. क्लबच्याच बियांच्या देवाणघेवाणीत मिळालेल्या पाकिटातलं आहे, पाकिटावर लिहिलेलं "ॲस्टेरियास, मिश्र". पाकिटातली बाकीची रोपं कोवळेपणीच कुजली. हे एक राहिलं. आठ फासळ्या, प्रत्येक फासळीच्या मधोमध लोकरीच्या ठिपक्यांची सरळ ओळ, आणि अंगभर पांढरे कण, इतके दाट की काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेत. जपान्यांनी निवडून निवडून तयार केलेल्या सुपर काबुतो या ॲस्टेरियासच्याच प्रकाराचं रक्त त्यात असणार. असो. मला ते आवडतं. त्याला गाव नसेल, पण मी त्याला मोहरीएवढं असल्यापासून पाहिलं आहे. ते कुणाला दिसत नाही. कौतुक होतं ते नंबरांचं. चांगलं सांभाळलेलं साधं झाड टेबलाच्या कडेला राहतं, आणि ते सांभाळणारी बाईही.

हे लिहिताना रडू आलं. झोपते आता.

बुधवार, दुपार

सकाळपासून गच्चीवर तीन फेऱ्या झाल्या असतील, जास्तही. ऊन डोक्यावर येईपर्यंत हे फूल उघडत नाही, माहीत असून जात होते. साडेअकराच्या सुमाराला कळीचं टोक सैल झालं. मग नजरेसमोर, हलताना न दिसता, हळूहळू उघडलं. पाकळ्या रेशमी पिवळ्या, खाली घशात शेंदरी लाल. मधोमध पुंकेसरांची दाटी आणि त्यातून वर आलेली कुक्षी, तिच्या पाती पसरलेल्या आणि किंचित चिकट. झाड मुठीत मावेल एवढं, आणि फूल जवळजवळ त्याच्या रुंदीचं.

नवा ब्रश घेतला, जलरंगाचा, सगळ्यात बारीक. पुडी उघडली तेव्हा श्वास रोखून धरला होता, पूड उडू नये म्हणून. ब्रशच्या टोकाला पिवळं लागलं. कुक्षीच्या एकेका पातीवर टेकवलं. पूड चिकटून राहिली. पुन्हा एकदा, आणि शेवटी पुडीच्या घडीत अडकलेले कणसुद्धा झटकून घेतले. देठाला दोरा बांधला. दोऱ्याला चिठ्ठी बांधायची होती आणि तिथेच अडले.

संकराची चिठ्ठी लिहायची रीत ठरलेली आहे. आधी आई, मग गुणिलेची खूण, मग बाप. आईच्या जागी मी "मिश्र" लिहिलं. बापाच्या जागी पुडीवरचा नंबर लिहायला घेतला आणि तेव्हा नीट लक्षात आलं की हा नंबर मी ओळखते. तामाउलिपासच्या ओळीतलं, म्हणजे गाव ठाऊक असलेल्या वंशातलं झाड. ताई या झाडाचा पराग फक्त त्याच्या भावंडांना देतात, दुसऱ्या कशालाच नाही. बैठकीत एकदा कुणी मागितला होता तेव्हा सरळ नाही म्हणाल्या होत्या, कारण ओळ मोडते.

काकांना फोन केला. विचारलं, "ताईंकडे अजून किती ॲस्टेरियास फुलात होती?" म्हणाले, "चार-पाच तरी असतील, का गं?"

म्हणजे त्यांनी निवडून दिला. माझ्या झाडाला गाव नाही हे माहीत असताना, येणाऱ्या बियांवर तो नंबर एकट्याने कधीच लिहिता येणार नाही हेही माहीत असताना. मग का? माफी? की "घे, आता यावर तरी कुणाचं तरी नाव लिहिता येईल" असं काही? की यात काहीच नाही, ते फूल त्या दिवशी हाताशी होतं, बस? मी दुपारभर हेच उलटंसुलटं करतेय. प्रत्येक अर्थ थोडा वेळ पटतो.

साडेबारा. ती वेळ पुन्हा बघितली. फूल उघडून जरा वेळ झाला की पराग सुटा होतो, ओलसर असताना काढला तर डबीत खराब होतो, म्हणून साडेबारा. म्हणजे भर उन्हात, गुडघ्यांच्या त्या अवस्थेत, त्या वर जाऊन चिमट्याने एकेक पुंकेसर काढत बसल्या. कागदही बटरपेपरचा, प्लास्टिकला पराग चिकटून वाया जातो म्हणून. कापूस डबी हलली तरी पुडी हलू नये म्हणून. मी एवढं नीट बांधून कुणाला काही दिलंय का, आठवत नाही.

ताई बोलणाऱ्या नाहीतच. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात उभी होते तेव्हाही "ये, बस" वगैरे काही नव्हतं. सरळ दोन कुंड्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "काटे कुठून निघतात ते बघ." एका झाडावर काटे लोकरीच्या गादीतून निघालेले, ॲरिओलमधून. दुसऱ्यावर जोडीजोडीने थेट सालीतून. नखाने जरासं ओरखडल्यावर दुसऱ्यातून पांढरा चीक आला. पहिला निवडुंग, दुसरा युफोर्बिया, आता चुकणार नाहीस. झालं स्वागत.

आणि त्या वर्षीही, जेव्हा माझं घरी असणं नसणं सारखंच होतं, तेव्हा भेटायला आलेल्या सगळ्यांनी काही ना काही म्हटलं होतं. ताई काही म्हणाल्या नव्हत्या. आल्या, कुंड्या खोक्यांत भरल्या, नेल्या. महिन्यांनी सगळ्या परत आणल्या, प्रत्येक लेबल जागच्या जागी. लिथॉप्सची जुनी पानं कागदासारखी वाळून गेली होती आणि मधून नवी जोडी वर आली होती. म्हणजे त्यांनी त्या सगळ्या काळात पाण्याचा मोह आवरला होता. जुन्या पानांतलं पाणी नव्यांनी ओढून घ्यायचं असतं, तेव्हा वरून पाणी घातलं की दोन्ही जोड्या तशाच फुगून बसतात आणि मग कुजतात. हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

तरी एक ओळ हवी होती मला. ती हवीच आहे. झाडं जिवंत परत आणणं आणि "गाव नाही" म्हणणं हे एकाच बाईचं आहे, आणि मला दोन्हीचं काय करायचं ते कळत नाही. पण कालच्यासारखं वाटत नाहीये, एवढं खरं.

बापाच्या जागी नंबर लिहिला. पेन्सिलीने. फळ धरलं तर काही आठवड्यांत लोकरीतून वर येईल, पिकून फुटेल. ॲस्टेरियासचं बी निवडुंगाच्या मानाने मोठं असतं, तपकिरी, चकचकीत, टोपीच्या आकाराचं, आणि ताजं असताना फार चांगलं उगवतं. ठेवून द्यायचं नाही. निम्मं ताईंचं, निम्म्यातलं थोडं क्लबच्या पेटीत, बाकी माझं.

काकांचा आत्ताच मेसेज आला की पुढच्या बैठकीत रोपकलमाचं प्रात्यक्षिक कोण करणार. कोवळं रोप ब्लेडने आडवं कापून पेरेस्किऑप्सिस या भराभर वाढणाऱ्या, पानं असलेल्या निवडुंगाच्या टोकावर बसवायचं, दोन्हीकडच्या नलिकांची वर्तुळं एकमेकांना भिडतील असं, आणि दोन-तीन दिवस दमट झाकणाखाली ठेवायचं. माझा हात त्यात बसलाय, मी हो म्हणून टाकलं. फक्त पेरेस्किऑप्सिसच्या ताज्या, रसरशीत फांद्या हव्यात, आणि माझ्याकडच्या उन्हाने जून झाल्यात. ताईंकडे असतात. उद्या सकाळी त्यांना फोन करून दहा-बारा मागते, पराग लावल्याचं सांगते, आणि गावाचं असं चारचौघांत का म्हणालात, तेही विचारते.