निसर्ग वादळानंतर घर सावरताना : छपराआधी संमतीपत्र

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर धडकले आणि रायगड जिल्ह्यातील आमच्या गावात क्वचितच एखादे छप्पर धड राहिले. आमचे वासे टिकले, परंतु कोने (छपराच्या आढ्यावरची कौले) आणि बाकीची कौले उडाल्यामुळे माजघरातून थेट आभाळ दिसत होते. आडव्या पडलेल्या पोफळी तोडणे, मेन स्विच बंद ठेवणे, विहिरीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणे ही कामे शेजाऱ्यांच्या मदतीने उरकली.

घोडे अडले ते पंचनाम्यावर. मृग तोंडावर आला होता आणि जो तो सांगत होता की पंचनामा होईपर्यंत छपराला हात लावू नका. घरात अंथरुणाला खिळलेली आई असताना हे ऐकणे मला शक्य नव्हते. मी आतून-बाहेरून फोटो काढले, फुटक्या कौलांचा ढीग परसात तसाच ठेवला आणि ताडपत्री घातली. तलाठी आणि ग्रामसेवक आले तेव्हा त्यांनी एवढा पुरावा विनातक्रार मान्य केला.

खरा मनस्ताप पुढेच होता. घरपट्टी आजोबांच्या नावावर असल्यामुळे मदतीच्या अर्जासोबत सर्व वारसांच्या सह्यांचे संमतीपत्र हवे, असे कचेरीतून सांगण्यात आले. चुलते आणि चुलतभाऊ टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेले, गावात वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. टेकडीवर चढून निरोप पोहोचवला, त्यांनी सह्या केलेल्या कागदाचे फोटो पाठवले, तर मूळ प्रतच लागेल असे उत्तर मिळाले. जिल्हाबंदी असताना ती प्रत आणायची कोणी, या प्रश्नावर टेबलामागचे गृहस्थ केवळ पुढच्या माणसाकडे पाहत. अखेरीस एका वरिष्ठ अधिकाऱ्याने माझ्या एकट्याच्या हमीपत्रावर काम भागवले. हे पहिल्याच दिवशी का सुचू नये, याचा राग अजून जात नाही.

म्हणून सामाईक घर असलेल्यांनी गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हाच हे संमतीपत्र करून, घरपट्टीच्या पावतीसह प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. कौलांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने ढवळावे, कारण ओल्या दिवसांत तिथे साप शिरतात. ताडपत्री मात्र वैशाखातच घ्यावी. वादळानंतर ती दुकानात उरत नाही.