मधली भिंत आणि सहा ब्रास माती

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावचे घर आजोबांनी बांधलेले आहे. दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी मयाली (छप्पर पेलणाऱ्या आडव्या तुळया) आणि वर कवेलू, म्हणजे कौले. दर्शनी भाग तसाच ठेवून मधली भिंत काढायची आणि मागच्या अंगाला स्लॅबच्या खोलीसाठी पाया खोदायचा, असे आम्ही उन्हाळ्यात ठरवले. मृग लागण्यापूर्वी काम आटोपायचे होते आणि त्या घाईत मी पहिला ठेकेदार केवळ दर कमी म्हणून निवडला.

त्याने अंगणातूनच ठोक भाव सांगितला आणि दुसऱ्या दिवशी त्याची चार माणसे सब्बल (पहार) घेऊन भिंतीला भिडली. त्या भिंतीवर दोन मयाली टेकलेल्या आहेत, हे कोणी वर पाहिलेच नव्हते. दुपारपर्यंत एक मयाल बोटभर खाली आली आणि कवेलूंमधून माती गळू लागली. मी काम थांबवले, त्या दिवसाची मजुरी दिली आणि तो ठेका मोडला.

शेजारच्या गावातील दुसऱ्या मिस्त्रींनी भाव सांगण्याआधी शिडी मागितली. चार कवेलू सरकवून त्यांनी मयालीची टोके पाहिली, वाळवीसाठी सब्बलीने टोचून पाहिले आणि मगच बोलणे सुरू केले. प्रथम त्या भागातील कवेलू उतरवायचे, मग दोन्ही मयालींना बल्ल्यांचे (लाकडी खांबांचे) टेकू द्यायचे, बल्लीखाली फळी ठेवायची म्हणजे ती जमिनीत रुतत नाही, आणि भिंत वरून खाली थराथराने काढायची, असा त्यांचा क्रम होता. नवा लोखंडी गर्डर बसेपर्यंत एकही टेकू हलवला नाही.

खोदकामाचा हिशेब मात्र मला ठाऊक नव्हता. घर पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीच्या, कडेला असल्यामुळे वरची भर संपताच काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर पाया ठेवला तर भिंती तडकतात. आमच्याकडे मुरूम पाच फुटांवर लागला. मी ट्रॉलीप्रमाणे पैसे देणार होतो, तेव्हा मिस्त्रीच म्हणाले, "भाऊ, खोदलेली माती फुगते. ट्रॉलीवर मोजान त तुमचंच नुकसान हाये, खड्डा मोजा." खड्डा ४० फूट लांब, ३ फूट रुंद आणि ५ फूट खोल, म्हणजे ६०० घनफूट, अर्थात ६ ब्रास होता, तीच माती ट्रॉल्यांत जवळपास ८ ब्रास भरली. स्वतःचा तोटा करून हे सांगणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला आहे.

बोळ अरुंद असल्यामुळे जेसीबी आत येणे शक्य नव्हते. सगळे खोदकाम टिकास (कुदळ) आणि घमेल्यांनी झाले. जुन्या भिंतीलगतचा चर मिस्त्रींनी सलग खोदू दिला नाही. चार फूट खोदून, बांधून, मगच पुढचा तुकडा, असे ते करत गेले, कारण मातीच्या भिंतीचा पाया एकदम उघडा पडला तर ती बसते. खोदलेली मातीही काठापासून पाच फूट दूर टाकायला लावली.

या वेळी कागदावर लिहून घेतले: मोजमाप खड्ड्याचे, उचल एक तृतीयांश, शेवटचा हप्ता मलबा उचलल्यावर, आणि निघालेले सागवान व कवेलू घरमालकाचे. शेवटच्या ओळीवर मिस्त्री थोडे रेंगाळले, कारण आमच्याकडे जुने लाकूड पुष्कळदा तोडणाऱ्याचेच समजले जाते. अखेर फुटके कवेलू आणि भिंतीतली वाळवी लागलेली दारचौकट त्यांना देऊन आम्ही सह्या केल्या.