नटवरील तारांमधले अंतर

अकूस्टिक गिटारच्या नटवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या छोट्या पट्टीवर, सहा खाचा पाडताना तारांचे मध्यबिंदू समान अंतरावर ठेवावेत, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. पण तारांची जाडी सारखी नसल्यामुळे ही समानता बोटांना जाणवत नाही. ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या तारांच्या संचात पहिली तार सुमारे ०.३० मिलिमीटर, तर सहावी १.३५ मिलिमीटर जाड असते. त्यामुळे मध्यबिंदू ७.२ मिलिमीटरवर ठेवले, तर पहिल्या दोन तारांमध्ये सुमारे ६.८ मिलिमीटर मोकळी जागा राहते आणि पाचवी-सहावीत जेमतेम ६. म्हणूनच मी तारांच्या कडांमधील अंतर समान ठेवणे पसंत करतो.

फ्रेटबोर्डच्या (मानेवरील ज्या फळीवर बोटांनी तारा दाबतात तिच्या) कडेपासून पहिली तार सुमारे ३ मिलिमीटर आत असावी. त्याहून कमी ठेवल्यास ती वाजवताना फ्रेटच्या, म्हणजे त्या फळीवरील आडव्या धातूच्या पट्टीच्या, टोकावरून घसरते. आधी टोकदार पेन्सिलीने खुणा करून, तारा सैल बसवून पाहाव्यात आणि मगच बारीक कानस चालवावी. खाच किंचित सरकवायची असेल, तर एकाच बाजूची भिंत घासून पुरत नाही, कारण रुंदावलेल्या खाचेत तार डुलते आणि झणझणते. हाडाची पूड व सुपरग्लू भरून जुनी खाच बुजवता येते. खाचा बऱ्याच चुकल्या असतील, तर मात्र नवा नटच बसवावा.