नाशिकहून गुलमर्ग : स्कीइंगची तयारी उतारावर करा

फेब्रुवारीत आम्ही नऊ जण गुलमर्गला स्कीइंग शिकून आलो. सगळे नाशिकचे, सह्याद्रीत भटकणारे, वय 19 ते 58. बर्फावर याआधी कुणीच पाय ठेवला नव्हता.

तयारी दिवाळीनंतर सुरू केली, पण पहिला महिना चुकीच्या दिशेने गेला. पांडवलेणीच्या पायऱ्या दम लागेस्तोवर चढायच्या आणि गप्पा मारत उतरायच्या, हा आमचा शिरस्ता. स्कीइंगमध्ये वर न्यायला लिफ्ट असते. खरं काम उताराचं. गुडघे वाकवून मांड्यांवर भार झेलत राहावं लागतं. हे कळल्यावर आम्ही क्रम उलटा केला. चढ सावकाश, उतार मन लावून, पाऊल आवाज न करता टेकवत. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत. रविवारी अंजनेरी. गुलमर्गला तिसऱ्या दिवशीही आमचे पाय टिकले ते याच्यामुळे, असं मी ठामपणे म्हणेन. निदान आठ आठवडे द्या.

गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. त्यामुळे पोहोचल्याचा दिवस फक्त फिरण्यासाठी आणि सामान भाड्याने घेण्यासाठी ठेवा. थंडीचं म्हणाल, तर निफाडचा पारा चार-पाचवर आला की आपण शेकोटी पेटवतो. तिथे रात्री तो शून्याच्या बराच खाली असतो. तरी त्रास थंडीपेक्षा घामाचा होतो. सुती बनियन घामाने भिजतं आणि सुकत नाही. आत थर्मल, वर फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार जाकीट), बाहेर पाणी न शिरणारं जाकीट-पँट. जीन्स अजिबात नको.

आता बूट. यावर वेळ खर्च करा, कारण माझा पहिला दिवस बुटांनीच वाया घालवला. दुकानात गर्दी होती, एक माप मोठा बूट हातात आला आणि मी तो दोन मोज्यांवर चढवला. दुपारपर्यंत नडगी सोलली आणि बोटं बधिर झाली. बूट घट्टच हवा. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की ती मागे सरकावीत आणि टाच उचलली जाऊ नये. मोजा एकच, लांब. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीच्या पट्टीला जखडणारी पकड, बसवणाऱ्याला आपलं वजन खरं सांगा आणि नवशिके आहोत हेही सांगा. पडल्यावर स्की पायातून सुटणं त्याच जुळणीवर अवलंबून असतं. शिकण्यासाठी हनुवटीपर्यंतच्याच स्की घ्या.

पहिला धडा स्नोप्लाऊचा, म्हणजे वेग आवरण्याचा. स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, नडग्या बुटाच्या जिभेवर टेकलेल्या. भीतीने अंग मागे जातं आणि तिथेच ताबा सुटतो. पडावंसं वाटलं तर कुशीवर पडा. उठताना स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठता घसराल.

गटाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट नाशिकमध्येच ठरवावी : सगळ्यांनी एका वेगाने शिकायचं नाही. आम्ही दोन तुकड्या केल्या, दोन्ही तुकड्यांना वेगवेगळे प्रशिक्षक. 58 वर्षांचे काका चारही दिवस सौम्य उतारावरच राहिले आणि शेवटी सुंदर वळणं घेऊ लागले. गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवट डोंगरावर, आम्ही फक्त डोंगर बघायला गेलो. तिथले उतार सपाट केलेले नसतात, हिमस्खलनाचा धोका असतो. कुणी कितीही आग्रह केला तरी नवशिक्यांनी तिथून स्कीवर उतरू नये.

किरकोळ पण महत्त्वाचं : बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असावं. प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का, ते वाचून घ्या. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. टंगमर्गपासून वरचा 13 किलोमीटरचा घाट बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच होतो, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. आम्हाला तो लागला. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. बाहेरच्या खिशात बेदाणे, आपल्याकडचेच.

शेवटच्या दिवशी पाय थकले होते, म्हणून दुपारी दोनलाच स्की परत केल्या. "अजून एक फेरी" म्हणणाऱ्या आमच्या 19 वर्षांच्या भाच्याला काकांनीच हाताला धरून चहाला नेलं.